एक लाखाची जुनी की चार लाखांची नवी? गाडी घेण्याआधी थोडं गणित



एरवी आपण इथे निबंध, पाठ आणि स्वाध्याय यांवर बोलतो. आज विषय गाडीचा आहे. पण घाबरू नका, गाडी म्हटलं तरी यात शेकडेवारी आहे, सरळव्याज आहे, घसारा आहे. म्हणजे आपलाच अभ्यासक्रम. दसरा, पाडवा किंवा दिवाळी जवळ आली की प्रत्येक स्टाफरूममध्ये हा विषय निघतोच. एक जण म्हणतो, "सर, नवीच घ्या, डोक्याला ताप नाही." दुसरा म्हणतो, "कशाला बँकेचं घर भरता? लाख-दीड लाखात चालती गाडी मिळते." दोघंही ठामपणे बोलतात आणि दोघांनीही कागद-पेन घेऊन हिशेब मांडलेला नसतो. आणि पालकसभेला आलेले पालक हाच प्रश्न आपल्याला विचारतात, कारण गुरुजींना हिशेब येतो असं त्यांना वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. हडपसर ओलांडून कवडीपाट, कदमवाकवस्ती, लोणी काळभोर, थेऊर फाटा, कुंजीरवाडी, उरुळी कांचन असा हा सगळा पट्टा सोलापूर महामार्गाला लटकलेला आहे. लोणीत तेल कंपन्यांचे डेपो, त्यामुळे टँकरची रांग. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. आणि या सगळ्यातून सकाळी साडेसहाला एका स्कूटरवर चौघं निघालेले असतात. पुढे उभं एक लेकरू, बाबा, मध्ये दप्तरासकट दुसरं आणि मागे आई. डोक्याला हेल्मेट असलंच तर फक्त बाबांच्या. हे चित्र आपण शाळेच्या फाटकावर रोज बघतो. म्हणून "गाडी कशाला हवी, चैन आहे" असं मी कुणाला म्हणणार नाही. ज्यांचं काम लोणी स्टेशनवरून दौंड-पुणे लोकल पकडून भागतं त्यांनी जरूर भागवावं, पण दोन लहान मुलं आणि म्हातारे आईवडील असलेल्या घराला चारचाकी लागते, हे मान्य करूनच पुढे बोलू.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. लाखभर रुपयांत मिळणारी बारा-तेरा वर्षांची गाडी ही या रस्त्यावर मुलांना घेऊन जाणाऱ्या घरासाठी स्वस्त नाही. पैशानेही नाही आणि जिवानेही नाही. आणि सात वर्षांच्या कर्जावर काढलेली शोरूममधली सर्वांत स्वस्त नवी गाडी हीसुद्धा शहाणपणाची खरेदी नाही. मधला एक रस्ता आहे, तो तारखेवर अवलंबून आहे. ती तारीख कोणती, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या मध्यमवर्गाची पहिली "परवडणारी नवी गाडी" म्हणजे मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली, किंमत साधारण पन्नास हजारांच्या आत-बाहेर. त्याआधी अँबॅसिडर आणि कुर्ल्याला बनणारी फियाट पद्मिनी, दोन्हींसाठी थांबायचं आणि मग आयुष्यभर दुरुस्त करत राहायचं. मारुती २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली. आपल्यापैकी कित्येकांनी गाडी शिकली ती तिच्यावरच, आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची.

मग आली नॅनो. हा तर आपल्या पुण्याचाच धडा आहे, कारण टाटा मोटर्सचं संशोधन केंद्र पिंपरीला आहे आणि गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती घडवली. स्कूटरवर पावसात भिजत चाललेलं चौघांचं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं आणि त्यांच्या मनात ही गाडी आली, ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे. म्हणजे वर मी सांगितलेलं तेच चित्र. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी दाखवली, मार्च २००९ मध्ये बाजारात आणली. किंमत एक लाख. सिंगूरचा कारखाना सोडून गुजरातेत साणंदला जावं लागलं, ते सगळं आपण वर्तमानपत्रात वाचलंच होतं.

एक लाखात गाडी बसवायला त्या लोकांनी काय काय केलं, ते मुलांना जरूर सांगा. इंजिन मागे, ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं. वायपर एकच. बाहेरचा आरसा एकाच बाजूला. चाकाला चारऐवजी तीन नट. सुरुवातीच्या गाड्यांची डिकी बाहेरून उघडायचीच नाही. अभियांत्रिकी म्हणून हे कौतुकाचं काम होतं, यात शंका नाही. पण लोकांनी काय केलं? ज्यांच्यासाठी ती बनवली होती त्या स्कूटरवाल्या कुटुंबांनी तिच्याकडे पाठ फिरवली. "सर्वांत स्वस्त गाडी" हा शिक्का कपाळावर घेऊन सोसायटीत शिरायचं कुणाला नको होतं. त्याच पैशात दोन हातांची वापरलेली मारुती किंवा सँट्रो घेतली तर निदान कुणी हसत नाही! "स्वस्त" म्हणून तिची जाहिरात झाली ही चूक झाली, हे पुढे खुद्द टाटांनीही मान्य केलं. २०१८ मध्ये नॅनोचं उत्पादन जवळपास थांबलंच. चारचाकीच्या बाबतीत आपण हिशेबापेक्षा लोक काय म्हणतील यावर जास्त चालतो, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नाही. आणि आपल्या पट्ट्यात तर जमिनींना भाव आल्यापासून ज्याच्या दारात बघावं तिथे मोठी गाडी. त्या रांगेत गुरुजींची छोटी गाडी कशी दिसेल, हा विचार मनात येतो. येऊ द्या, पण त्याने हप्ता ठरवू नका.

आता ती तारीख. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी केली. ऑल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या मूळ प्रकारातल्या. ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक. पाचही गाड्यांना शून्य तारे. आणि गंमत बघा, त्याच पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा धडकवलं तर मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. म्हणजे एअरबॅगने किती फरक पडतो ते एकाच गाडीत दिसलं. ताशी ६४ हा काही शर्यतीचा वेग नाही. थेऊर फाटा ओलांडला की आपण सगळे त्याच वेगाने जातो.

त्यानंतर सरकारने एकेक नियम आणला. नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून धडक चाचणीची अट लागू झाली. ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं घसरू न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटसाठीची दुसरी एअरबॅग, चालू मॉडेलच्या बाबतीत, २०२१ च्या डिसेंबरअखेरपासून. मध्ये १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, ते धुराचं.

आता जोडा. लाखभराची गाडी म्हणजे साधारण २०११, २०१२, २०१३ ची. म्हणजे शून्य तारे मिळालेल्याच त्या पिढीतली, तीही एअरबॅगविना, तीही आता दशकभर गंजलेली. उलट जानेवारी २०२२ नंतर बनलेली कुठलीही छोटी गाडी घ्या, तिच्यात दोन एअरबॅग आणि एबीएस कायद्यानेच असणार. विक्रेता काय सांगतो ते ऐकायची गरजच नाही. आरसी पुस्तकावर किंवा स्मार्ट कार्डावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, तेवढं वाचा. नोंदणीची तारीख नव्हे, उत्पादनाची. जुनी गाडी घ्यायची तर माझी सीमारेषा ही.

मग नवीच का नको? नवी अवश्य घ्या, पण हिशेब करून. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर उपकर होता. त्यामुळे ऑल्टो के-१० सारखी गाडी तीन लाख सत्तर हजारांच्या आसपास एक्स-शोरूम आली. वाचून वाटतं, चला, तीन-सत्तर. पण एक्स-शोरूम हा फक्त जाहिरातीचा आकडा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आहे, म्हणजे चाळीस हजारांच्या वर. शिवाय विमा, आणि नव्या गाडीला तिऱ्हाईत विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. नोंदणी, फास्टॅग, सीटकव्हर, मॅट... चार लाख चाळीस हजार धरून चला. दहावीच्या "अर्थनियोजन" प्रकरणात जीएसटी शिकवताना हेच बिल फळ्यावर मांडा, मुलं डुलक्या घेणार नाहीत.

यातला कर आणि विमा परत येत नाही. उरलेल्या गाडीला घसारा लागतो. विमा कंपन्या गाडीचं मूल्य ठरवतात त्याचं ठरलेलं कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षभरापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. बाजारभाव अगदी तसाच चालत नाही, मारुतीसारख्या गाड्या थोडा जास्त भाव धरून ठेवतात. तरी अंदाजाला हे कोष्टक चांगलं. आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या पाठात घसाऱ्याची उदाहरणं यंत्रावर असतात. तिथे यंत्राऐवजी गाडी घाला.

हिशेब असा. नवी गाडी ४ लाख ४० हजारांना घरी आली. पाच वर्षांनी तिचे १ लाख ८५ हजार आले असं धरू. गेले २ लाख ५५ हजार. दिवसाला साधारण १४० रुपये, गाडी जागची हलली नाही तरी. पेट्रोल वेगळं.

आता २०२२ नंतरची, तीन-साडेतीन वर्षं वापरलेली गाडी ३ लाखांना घेतली. पाच वर्षांनी दीड लाखाला विकली. दीड लाख गेले. मधल्या काळात टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन मिळून साठ हजार जादा धरू. एकूण २ लाख १० हजार, दिवसाला ११५ रुपये.

आणि ती लाखाची गाडी? तेरा वर्षांची. आल्या आल्या चार टायर, बॅटरी, क्लच प्लेट, रेडिएटर, एसीचा गॅस, वर थोडं डेंटिंग-पेंटिंग. दोन वर्षांत साठ हजार खर्च धरले तर जास्त नाहीत. पंधरा वर्षं पूर्ण होताना तिचे चाळीस हजार आले समजा. दोन वर्षांत १ लाख २० हजार गेले. दिवसाला १६४ रुपये! सर्वांत स्वस्त गाडी सर्वांत महाग पडली. आणि ती ठेवायचीच म्हटलं तर पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी. त्यासाठी आरटीओची तपासणी, पर्यावरण कर आणि शुल्क. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार झालं आहे. वीस वर्षांच्या वरच्या गाडीला तर २०२५ पासून १० हजार. शिवाय एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते, ती बसवली आहे का तेही बघा.

हे आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला, रीत तीच राहील. पण एक गोष्ट लक्षात आली का? नवी आणि तीन वर्षांची जुनी यांच्यात दिवसाला पंचवीस रुपयांचा फरक आहे. म्हणजे जीएसटी कमी झाल्यापासून अगदी छोट्या गाड्यांच्या गटात जुनी घेऊन फार वाचत नाही. तीच ऑल्टो जुनी आणि नवी यांत लाखभराचंच अंतर असेल आणि तुमच्याकडे रोख असेल, तर नवी घ्या. आता तर ऑल्टो के-१० ला सहा एअरबॅग दिल्या आहेत. वॉरंटी मिळते, मागच्या मालकाने काय केलं ही चिंता नाही.

जुनीचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. तेवढ्याच पैशात एक पायरी वरची गाडी मिळते. २०२३ मध्ये ऑल्टो के-१० ला ग्लोबल एनकॅपने दोन तारे दिले होते, वॅगन-आरला एक. टियागोला २०२० मध्ये चार मिळाले. नव्या ऑल्टोच्या ऑन-रोड किमतीच्या आसपास तीन-चार वर्षं वापरलेली टियागो मिळू शकते. शिवाय पहिल्या मालकाने पंधरा वर्षांचा कर आधीच भरलेला, तो तुम्हाला पुन्हा भरायचा नाही. मला विचाराल तर मी ही वापरलेली, पण पत्रा जाड असलेली गाडी घेईन. सोलापूर रस्त्यावर टँकरच्या मागे उभं राहताना मला शोरूमचा वास नको, मजबूत सांगाडा हवा. यावर कुणी म्हणेल, "सर, देव तारी..." ते खरं, पण देवाने शक्तीबरोबर बुद्धीही दिली आहे.

आता कर्जाचं. इथे आपले लोक जास्त फसतात, आणि शिकलेले लोक फसतात याचं वाईट वाटतं.

चार लाखांचं कर्ज, दर साडेनऊ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे ८,४०० रुपये आणि एकूण व्याज एक लाख चार हजार. सात वर्षांसाठी हप्ता ६,५४० च्या आसपास. किती छान, दोन हजार कमी! पण व्याज झालं एक लाख एकोणपन्नास हजार. शोरूममधला मुलगा तुम्हाला व्याज सांगत नाही, हप्ता सांगतो. तुम्हीही हप्ताच विचारता. आणि सहाव्या-सातव्या वर्षी हप्ता चालूच असतो, तेव्हा गाडीची किंमत निम्म्याखाली गेलेली असते.

जुन्या गाडीच्या कर्जात आणखी एक मेख आहे. "फ्लॅट नऊ टक्के, गुरुजी, बँकेपेक्षा स्वस्त." ऐकायला खरंच स्वस्त. दोन लाखांवर चार वर्षं नऊ टक्के फ्लॅट म्हणजे सरळव्याज, २,००,००० × ९ × ४ भागिले १००, बरोबर ७२ हजार. एकूण २ लाख ७२ हजार, हप्ता ५,६६७. पण अहो, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडता आहात. दोन वर्षांनी तुमच्याकडे त्यांचे दोन लाख राहिलेलेच नसतात, तरी व्याज मात्र पूर्ण दोन लाखांवर. घटत्या शिलकीच्या पद्धतीने हाच हप्ता काढला तर दर निघतो जवळजवळ सोळा टक्के. याउलट एखाद्या बँकेने "चौदा टक्के, घटत्या शिलकीवर" सांगितलं तर हप्ता ५,४६५ येतो आणि व्याज ६२ हजार. म्हणजे चौदा हे नवापेक्षा लहान निघाले! सातवी-आठवीच्या वर्गात हे एकदा करून दाखवा. मुलं घरी जाऊन सांगतील आणि एखाद्या पालकाचे दहा हजार वाचतील. आपल्या शिक्षक पतसंस्थेचं कर्ज मिळत असेल तर आधी तिथेच चौकशी करा.

शिक्षणसेवक असलेल्या तरुण मित्रांना स्पष्ट सांगतो. २०२३ मध्ये मानधन वाढलं, प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. सोळा हजारांत ८,४०० चा हप्ता म्हणजे निम्म्याहून जास्त पगार पार्किंगमध्ये उभा. तीन वर्षं थांबा. लग्नात सासऱ्यांकडून गाडी येईल असं कुणी सुचवत असेल तर त्यावर मी काय बोलू? आपण वर्गात हुंडाबंदीवर निबंध लिहून घेतो.

जुनी घ्यायचं ठरलं तर कागद. गाडीपेक्षा कागद आधी बघा. एजंट म्हणतील, "एकहाती गाडी, डॉक्टरांची आहे." आपल्या पट्ट्यात जेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या विकायला आहेत तेवढे दवाखाने मला अजून दिसलेले नाहीत. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, दंड थकला आहे का, बरंच कळतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन तो आधी उतरवा. पैसे देताना २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन आरटीओत टीटी लगेच करा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. "करू नंतर, आपलीच माणसं आहेत" असं म्हणून वर्षानुवर्षे मूळ मालकाच्या नावावर गाड्या फिरतात. विकणाऱ्या पालकांनीही हे ऐकावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी तुम्ही तीन वर्षांपूर्वी विकलेली असली तरी. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

दिल्लीच्या नंबरची गाडी अर्ध्या किमतीत दिसली तर हुरळू नका. तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या इकडे उतरतात. तिथली ना-हरकत आणावी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी तोंड फिरवते. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, ॲव्हरेज थोडं कमी पडतं आणि फार जुन्या गाडीचे रबरी पाइप एकदा तपासून घ्यावेत.

गाडी बघायला जाताना आपला ओळखीचा मिस्त्री न्या, चारशे-पाचशे रुपये द्या त्याला. विकणाऱ्याचा नको. सकाळी थंड इंजिनावर बघा, आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवायचं आहे. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकचं पेडल गुळगुळीत झिजलेलं, तर मीटर मागे फिरवलेलं आहे. टायर गोटा झालेले असतील तर तेवढे पैसे कमी करून मागा.

आणि पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढा फुटून वाहिला, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, सुगंध मारून बाजारात येतात. सीटकव्हर नवं करता येतं, कार्पेट बदलता येतं. पण सीटबेल्टचा पट्टा कुणी बदलत नाही. मागच्या सीटवर बसा आणि पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ किंवा बुरशीचा डाग दिसला तर उतरा आणि घरी या.

बऱ्याच गाड्यांत तर तो मागचा पट्टा सापडतच नाही, सीटकव्हरच्या खाली दाबून टाकलेला असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ चारोटीला सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तुमची मुलंही मागेच बसणार आहेत. पट्टे बाहेर काढून, खटका लागतो का ते दोन्ही बाजूंना बघून मगच भावाचं बोला.